दत्तक गाव आणि वाट्याची जवारी

१९६९ हे महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीचे वर्ष. त्या वर्षी पुतळे उभे राहिले, रस्त्यांना आणि सभागृहांना नावे दिली गेली. तरुणांनी आपल्या शिक्षणातला काही काळ समाजासाठी द्यावा, या विचाराला संस्थेचे रूप देणाऱ्या दोन घटनाही त्याच वर्षी घडल्या. २४ सप्टेंबरला तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत ४०,००० स्वयंसेवकांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. आणि वर्धा शहरापासून आठ किलोमीटरवर, सेवाग्रामला, ६० विद्यार्थ्यांच्या पहिल्या तुकडीने महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत प्रवेश घेतला. ग्रामीण भागात उभे राहिलेले हे देशातले पहिले वैद्यकीय महाविद्यालय. अशा संस्थेचा इतिहास लिहिताना खाटा, विभाग, पदव्युत्तर जागा आणि इमारती यांची वाढ सांगता येते, आणि ती अभिमानाने सांगण्यासारखी आहे. या लेखात मात्र एकच धागा धरला आहे, तो संस्था आणि वर्धा जिल्ह्यातली गावे यांच्या नात्याचा. माझे म्हणणे असे, की सेवेच्या तासांची बेरीज कितीही मोठी झाली तरी तेवढ्याने गाव बळकट होत नाही. सेवा करणारा त्याच घरी वर्षानुवर्षे जात राहिला आणि गावानेही त्या कामात आपला वाटा घातला, तर काहीतरी मागे उरते. सेवाग्रामच्या अनुभवात या म्हणण्याचा पुरावा आहे, आणि त्याच्या मर्यादाही तिथेच दिसतात.

वर्ध्याने हा धडा महाविद्यालयाच्या स्थापनेच्या पुष्कळ आधी घेतला होता. विनोबा १९२१ मध्ये इथे आले. जमनालाल बजाजांच्या आग्रहाखातर गांधीजींनी १९३४ मध्ये वर्ध्याला मुक्काम हलवला, आणि त्याच वर्षी मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले. मगनवाडीजवळच्या सिंदी गावात आश्रमातली मंडळी रोज सकाळी बादल्या आणि फावडी घेऊन जात आणि रस्त्याकडेचा मैला उचलत. महादेवभाई देसाई आणि मीराबेन त्यात होते. काम निष्ठेचे होते, त्यात दिखाऊपणाचा लवलेश नव्हता. तरीही महिने गेले आणि गावाच्या सवयी फारशा बदलल्या नाहीत. मैला उचलणारे रोज येतातच, मग आपण कशाला हलायचे, असा साधा हिशेब त्यामागे असावा. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी स्वतः शेगावला राहायला गेले. टपाल बुलडाणा जिल्ह्यातल्या शेगावला जाऊ लागल्यामुळे १९४० मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम झाले. बाहेरून येऊन सेवा करून परत जाण्यापेक्षा गावातच राहायचे, हा त्या स्थलांतराचा अर्थ होता, आणि सिंदीच्या अनुभवाकडे पाहिले तर तो तर्काला धरूनच होता.

त्याच काळात कुष्ठरोगाच्या कामातून दुसरा आणि अधिक आशादायक धडा मिळाला. विनोबांच्या प्रेरणेने १९३४ मध्ये निघालेल्या ग्रामसेवा मंडळाचे कार्यकर्ते वर्धा तहसिलीच्या गावांतून फिरत असताना कुष्ठरोग्यांचे हाल त्यांना जागोजाग दिसले. त्यातून १९३६ मध्ये मनोहरजी दिवाण यांनी दत्तपूरचे कुष्ठधाम उभे केले. स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये, वर्ध्याला गांधी स्मारक निधीतून कुष्ठरोगासाठी स्वतंत्र प्रतिष्ठान निघाले आणि डॉ. आर. व्ही. वारदेकर यांच्या नेतृत्वाखाली तिथे सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार ही त्रिसूत्री आकाराला आली. रोग्याने दवाखान्यात यायची वाट पाहायची नाही. कार्यकर्त्याने घरोघरी जाऊन प्रत्येक माणसाची त्वचा तपासायची, रोगाविषयी घरच्यांशी आणि शेजाऱ्यांशी बोलायचे, औषध घरच्याजवळ पोहोचवायचे. तेव्हाचे डॅप्सोन हे औषध वर्षानुवर्षे न चुकता घ्यावे लागे, म्हणून कार्यकर्त्यालाही वर्षानुवर्षे त्याच दारात जावे लागे. रोगानेच लादलेली ही शिस्त होती. पुढे राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने हीच पद्धत देशभर स्वीकारली. एखाद्या जिल्ह्यातली स्वयंसेवी पद्धत राष्ट्रीय धोरण होते, याचे इतके स्पष्ट उदाहरण विदर्भात तरी दुसरे सहज सापडणार नाही.

महाविद्यालयाच्या संस्थापक डॉ. सुशीला नायर या परंपरेच्या बाहेरच्या नव्हत्या. २६ डिसेंबर १९१४ ही त्यांची जन्मतारीख, आणि योगायोग असा, की वर्धा जिल्ह्यातल्याच हिंगणघाटला जन्मलेल्या बाबा आमटे यांचीही तीच. दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयातून वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या सुशीलाबेन गांधीजींच्या वैयक्तिक डॉक्टर झाल्या, आगाखान पॅलेसच्या बंदिवासात त्यांच्यासोबत राहिल्या, आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांचे तिथे निधन झाले तेव्हाही त्या तिथेच होत्या. कस्तुरबांच्या स्मरणार्थ सेवाग्रामला बिर्लांच्या अतिथिगृहात स्त्रिया आणि मुलांसाठी १५ खाटांचा दवाखाना सुरू झाला, आणि आजच्या कस्तुरबा रुग्णालयाचा तो आरंभ. १९६२ ते १९६७ या काळात सुशीलाबेन केंद्रात आरोग्यमंत्री होत्या. डॉक्टर खेड्यात जात नाहीत ही तक्रार त्यांनी मंत्री म्हणून रोज ऐकली असणार, आणि शहरातल्या महाविद्यालयात, शहरातल्या रुग्णांवर शिकलेला डॉक्टर खेड्यात का जाईल, हा प्रश्नही त्यांना पडला असणार. लालबहादूर शास्त्रींनी ग्रामीण भागात वैद्यकीय महाविद्यालय काढण्याची सूचना केली. १९६४ मध्ये कस्तुरबा हेल्थ सोसायटी स्थापन झाली आणि पाच वर्षांनी महाविद्यालय उघडले. खर्चाचा निम्मा भार केंद्र सरकारने, पाव राज्य सरकारने आणि पाव सोसायटीने उचलायचा, अशी वाटणी ठरली. सरकारच्या पैशाने आणि समाजाच्या संस्थेने मिळून चालवायचे, हे या रचनेत पहिल्यापासून होते.

राष्ट्रीय सेवेविषयी देशात जो वाद चालू होता, त्याच्या पार्श्वभूमीवर ही रचना पाहिली पाहिजे. १९५९ मध्ये चिंतामणराव देशमुख यांच्या समितीने शालेय शिक्षण संपवून विद्यापीठात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची राष्ट्रीय सेवा करावी अशी शिफारस केली. त्यानंतर लगेच, १९६० मध्ये, के. जी. सैयदैन यांनी इतर देशांतल्या अशा योजनांचा अभ्यास केला आणि सक्तीऐवजी स्वेच्छेने सुरुवात करावी असे सुचवले. हेच सैयदैन १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर नेमलेल्या झाकिर हुसेन समितीचे सदस्य होते, म्हणजे गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणयोजनेच्या मसुद्यावर त्यांचाही हात फिरला होता. पुढे कोठारी आयोगाने समाजसेवा शिक्षणाच्या सर्व टप्प्यांत असावी असे म्हटले, आणि या सगळ्याचा मध्यममार्ग म्हणून राष्ट्रीय सेवा योजना आली. दोन वर्षांत २४० तास आणि दत्तक गावात सात दिवसांचे विशेष शिबिर, असे तिचे स्वरूप आहे. ही योजना देशभर पसरली, आज तिचे स्वयंसेवक सुमारे ४० लाखांच्या घरात आहेत, आणि अनेक महाविद्यालयांत एखाद्या तळमळीच्या कार्यक्रम अधिकाऱ्यामुळे तिचे उत्तम काम झाले आहे. तिच्याविषयी तुच्छतेने बोलणे मला मान्य नाही. पण तिच्या रचनेत एक उणीव आहे. दोन वर्षांनी विद्यार्थी बाहेर पडतो, शिबिराचे गाव पुष्कळदा बदलते, आणि सात दिवसांत खणलेला शोषखड्डा वा रंगवलेली शाळेची भिंत पुढच्या वर्षी कोणी पाहायला येत नाही. कागदावर तास भरलेले असतात आणि गावाच्या लेखी एक शिबिर होऊन गेलेले असते.

सेवाग्रामच्या महाविद्यालयाने याच प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. प्रवेश मिळाल्यावर विद्यार्थी आधी गांधी आश्रमात पंधरा दिवस राहतो. प्रार्थना, सूतकताई, श्रमदान आणि सफाई हे त्या दिवसांचे वेळापत्रक. त्यानंतर पहिल्याच वर्षी संपूर्ण तुकडी एका गावात पंधरा दिवस मुक्कामी जाते. ते गाव त्या तुकडीचे दत्तक गाव. प्रत्येक विद्यार्थ्याकडे चार-पाच कुटुंबे सोपवली जातात. तो त्या घरातल्या माणसांची नोंद करतो, मुलांची वजने घेतो, आईचे हिमोग्लोबिन तपासतो, पाणी कुठून येते, संडास आहे की नाही, घरात काय शिजते, हे सगळे लिहून घेतो. आणि शिबिर संपले की काम संपत नाही. पुढची वर्षे तो ठरावीक दिवशी त्याच घरांकडे परत जातो. पहिल्या वर्षी पाळण्यात पाहिलेले मूल त्याच्या पदवीच्या शेवटच्या वर्षात अंगणवाडीत जाऊ लागलेले असते. आता ते मूल वजनाच्या तक्त्यावर एका रेघेने वर सरकताना त्याला दिसते किंवा घसरताना दिसते, आणि घसरले तर का घसरले हे त्याला त्या घराच्या स्वयंपाकघरातून आणि मजुरीतून शोधावे लागते. रुग्णालयातल्या खाटेवर एकदा पाहिलेल्या मुलाविषयी हे कधीच कळत नाही. गाव निवडताना ते महाविद्यालयापासून इतक्या अंतरावर असावे लागते की विद्यार्थी नियमित जाऊ शकतील. ही बाब क्षुल्लक वाटते, पण सगळ्या योजनेचा कणा तीच आहे. लांबचे, अतिशय गरजू, पण वर्षातून एकदाच गाठता येणारे गाव निवडले असते तर ही पद्धत दुसऱ्या वर्षीच मोडली असती.

यावर गंभीर आक्षेप असा, की यात गावाला काय मिळते? अभ्यास विद्यार्थ्याचा होतो, पदवी विद्यार्थ्याला मिळते, आणि गरीब माणसाचे घर नवशिक्या मुलांची प्रयोगशाळा बनते. हा आक्षेप मी पूर्णपणे फेटाळू इच्छित नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला औषध लिहिण्याचा अधिकार नसतो, आणि त्याच्या प्रश्नावलीने कोणाचा ताप उतरत नाही. पण शिकणारा आणि शिकवणारा यांची जागा या घरांत उलट असते, हे लक्षात घेतले पाहिजे. कापूस वेचणीच्या दिवसांत बाई दवाखान्यात का येत नाही, लसीची तारीख आठवडी बाजाराच्या दिवशी आली तर काय होते, दोन एकरांचा कोरडवाहू शेतकरी बायकोचे बाळंतपण आणि बियाणे यांपैकी कर्ज कशासाठी काढतो, हे त्याला पुस्तक सांगत नाही, ते घर सांगते. शिवाय ओळखीचा एक मोठा उपयोग गावाला होतो, जो आकड्यांत मांडता येत नाही. हजारभर खाटांच्या रुग्णालयात खेड्यातला माणूस येतो तेव्हा त्याला भीती वाटते ती रांगेची, खिडक्यांची आणि इंग्रजी पाट्यांची. आपल्या घरी येऊन बसलेला एक मुलगा किंवा मुलगी तिथे पांढऱ्या कोटात आहे, एवढ्या माहितीने त्या भीतीची धार बोथट होते. तरीही आक्षेपातला एक भाग उरतोच. विद्यार्थी येतो आणि गाव त्याला माहिती देते, हे नाते अजून एकतर्फीच राहते. सिंदीचा दोष इथे सौम्य रूपात शिल्लक होता.

तो दोष दूर करण्याचा सर्वांत धीट प्रयत्न म्हणजे जवारीवर उभी राहिलेली आरोग्यविम्याची योजना. संस्थेच्या मेडिसिन विभागातले डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागापूर या गावापासून तिची उभारणी केली. रचना साधी होती, पण तिच्यामागे बराच विचार होता. सुगी झाली, मळणी आटोपली, घरात धान्य आले, की त्या वेळी कुटुंबाने आपल्या ऐपतीप्रमाणे जवारी द्यायची. भूमिहीन मजुराचा वाटा कमी, जमीन जितकी जास्त तितका वाटा जास्त. त्याच्या बदल्यात अचानक आलेल्या आजारासाठी कस्तुरबा रुग्णालयात उपचार विनामूल्य, आणि बाळंतपण किंवा मोतीबिंदू यांसारख्या आधीपासून माहीत असलेल्या गोष्टींसाठी बिलात मोठी सवलत. गावाने आपल्यातलाच एक आरोग्यसेवक निवडायचा. आणि सर्वांत महत्त्वाची अट अशी, की गावातली किमान तीन-चतुर्थांश कुटुंबे सामील झाली तरच योजना गावाला लागू व्हायची. त्याहून कमी असतील तर कोणालाच नाही.

या अटींकडे नीट पाहिले म्हणजे त्यांमागचा विचार उलगडतो. वर्गणी रोख मागितली असती तर ती सावकाराच्या दारातून आली असती. सुगीच्या दिवसांत धान्याच्या रूपात मागितल्यामुळे ती कोठीतून आली. सगळ्यांना सारखी वर्गणी ठेवली असती तर मजूर बाहेर राहिला असता आणि जमीनदाराला स्वस्तात विमा मिळाला असता. तीन-चतुर्थांशाची अट नसती तर आजारी असलेलीच घरे सामील झाली असती आणि निधी पहिल्याच पावसाळ्यात संपला असता. विमा कंपन्यांचे गणिती ज्याला धोक्याची विभागणी म्हणतात, ती इथे ग्रामसभेच्या चर्चेतून घडवायची होती. शेजाऱ्याला समजावून आणणे प्रत्येकाच्या हिताचे झाले, कारण तो आला नाही तर आपल्यालाही योजना लागू होत नाही. आणि ज्याने आपल्या घरची जवारी दिली आहे, तो रुग्णालयात हात जोडून उभा राहत नाही. तिथे औषध मिळाले नाही, डॉक्टर नीट बोलले नाहीत, तर ग्रामसभेत विचारतो. हा हक्काचा सूर गावाच्या बळाची खूण आहे असे मी मानतो. सेवा देणाऱ्याला तो सुरुवातीला बोचतो, आणि बोचलाही पाहिजे.

ही योजना सर्वत्र सारखी यशस्वी झाली असे म्हणणे खोटे ठरेल. गाव म्हणजे एकसंध कुटुंब असते, ही समजूत अशा कामात फार काळ टिकत नाही. जात आहे, वाडी आहे, मालक आणि मजूर आहेत. ग्रामसभा संध्याकाळी भरली तर दिवसभर निंदण करून आलेली बाई तिथे बसू शकत नाही. आरोग्य ही गरिबाची पहिली गरज नसते. मजुरी, पाणी आणि धान्य या गरजा आधीच्या असतात, आणि आरोग्याच्या निमित्ताने गावात शिरलेल्या कार्यकर्त्याला त्यांच्याकडे वळावेच लागते. जाजूंच्या लेखनात या अडचणी मोकळेपणाने आल्या आहेत, आणि त्या मोकळेपणामुळेच हा प्रयोग अभ्यासण्याजोगा ठरतो. शिवाय काळाने आणखी एक पेच उभा केला. वर्धा जिल्ह्याच्या शिवारांतून जवारी हटत गेली आणि सोयाबीन आले. सोयाबीन कोठीत राहत नाही, ते थेट अडत्याकडे जाते. घरात धान्य नसले की धान्याचा वाटा काढण्याची रीतही सैल पडते, आणि सगळे पुन्हा रोख पैशावर येते, जो सर्वांत आधी कर्जाच्या हप्त्यात जातो.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो तत्त्वाचा आहे. आरोग्य ही सरकारची जबाबदारी आहे. स्वयंसेवक आणि दत्तक गावे सरकारच्या अपुऱ्या कामावर पांघरूण घालतात. आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांच्या कार्डावर गरिबाला मोफत शस्त्रक्रिया मिळते, मग जवारीची कसरत कशासाठी? पहिला भाग मला मान्य आहे. सरकारी आरोग्यसेवेला पर्याय म्हणून स्वयंसेवा उभी करणे चुकीचे आहे, आणि सेवाग्रामने ते कधी केले नाही. संस्था निम्म्याहून अधिक सरकारी पैशाने चालते आणि तिची आंजी व भिडीची ग्रामीण केंद्रे सरकारी यंत्रणेच्या हातात हात घालून काम करत आली. पण विमाकार्ड शस्त्रक्रियेचे बिल भरते. गावातले पाणी कोण तपासते, कुपोषित मूल कोणाच्या नजरेला आधी पडते, पाळी न आलेल्या किशोरीला कोणाशी बोलता येते, हे प्रश्न कार्डाच्या पलीकडचे आहेत. २००३ ते २००८ या काळात संस्थेच्या समुदाय आरोग्य विभागाने वर्धा जिल्ह्यातल्या ६७ गावांत बालकांच्या आरोग्यासाठी एक प्रकल्प राबवला. त्यात बचत गटांच्या बाया, पुरुषांचे किसान विकास मंच आणि मुलींच्या किशोरी पंचायती अशी संघटनांची वीण घातली गेली आणि गावपातळीवरच्या समन्वय समितीने आपल्या गावाचा आरोग्य आराखडा ठरवावा, अशी अपेक्षा होती. प्रकल्पाचा पैसा बाहेरून आला होता आणि तो ठरल्याप्रमाणे थांबला. अशा वेळी काय उरते, ही खरी कसोटी. पैसा थांबल्यावरही बचत गटाची बैठक भरत राहते, कारण तिथे बायांचे स्वतःचे पैसे गुंतलेले असतात. केवळ प्रकल्पाच्या मानधनावर उभी राहिलेली समिती मात्र मानधनाबरोबर विरते. सरकारी योजना गावात रुजायची असेल, तर तिला धरून ठेवणारे असे काहीतरी गावात आधीच असावे लागते. आशा कार्यकर्ती आणि ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या दोन्ही कल्पना, गावानेच निवडलेला सेवक आणि गावाचीच समिती, त्याच विचाराच्या आहेत.

तिसरा आक्षेप सर्वांना माहीत असलेला: एवढे संस्कार करूनही सेवाग्रामचे डॉक्टर अखेर शहरात आणि परदेशात जातातच. जातात, हे खरे आहे. पदवीच्या काळातली खादी आणि शुक्रवारची प्रार्थना प्रत्येकाला आयुष्यभर गावात बांधून ठेवत नाही, आणि तशी अपेक्षा करणे त्या मुलांवरही अन्याय आहे. संस्थेने यावर व्यवहारी तोडगा काढला. ज्याला इथे पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे आहे त्याने आधी दोन वर्षे ग्रामीण भागात, संस्थेशी जोडलेल्या स्वयंसेवी संस्थांमध्ये काम करावे, असा नियम केला. गडचिरोली, मेळघाट आणि देशातल्या इतर दुर्गम भागांतल्या छोट्या रुग्णालयांना त्यातून तरुण डॉक्टर मिळू लागले. ही स्वेच्छा नाही, आमिष आहे, असे कोणी म्हणेल. म्हणू द्यावे. महाराष्ट्र शासनाच्या महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या एमबीबीएस डॉक्टरलाही एक वर्षाची सेवा बंधनकारक आहे, आणि ती न केल्यास १० लाख रुपयांचा दंड असे. दंड भरून सुटता येई, आणि ऐपत असलेले तसे सुटतही. सेवाग्रामच्या नियमात पैसे भरून सुटण्याची वाट नव्हती. पुढची पायरी हवी असेल तर गावात राहूनच ती मिळवायची होती. मेक्सिकोत १९३६ पासून वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी समाजसेवा बंधनकारक होत गेली, आणि तिथल्या दुर्गम खेड्यांना पिढ्यान्‌पिढ्या त्याच तरुण डॉक्टरांचा आधार राहिला. ओटीवर बसलेल्या आजारी माणसाला डॉक्टरच्या मनातल्या हेतूची शुद्धता तपासायची नसते, डॉक्टर समोर असणे त्याला पुरते. देशमुख आणि सैयदैन यांच्यातला सक्तीचा वाद मला म्हणूनच दुय्यम वाटतो. सक्तीने आलेला डॉक्टर दोन वर्षे एकाच ठिकाणी राहिला तर गावाला त्याचा उपयोग होतो, आणि स्वेच्छेने आलेला सात दिवसांत गेला तर फारसा होत नाही.

गावाचा स्वतःचा वाटा किती निर्णायक असतो, हे आरोग्याबाहेरच्या एका उदाहरणावरूनही दिसते. आर्वी तालुक्यातल्या काकडदरा या छोट्या आदिवासी गावाने २०१७ मध्ये पानी फाउंडेशनच्या सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिला क्रमांक आणि ५० लाख रुपयांचे बक्षीस मिळवले. त्या स्पर्धेत बाहेरून आले ते प्रशिक्षण, आणि सुट्टीच्या दिवशी टिकाव-फावडे घेऊन येणारे शहरातले जलमित्र. पण एप्रिल-मेच्या विदर्भातल्या उन्हात सलग ४५ दिवस चर खणले आणि बांध घातले ते गावातल्याच माणसांनी. शहरातल्या स्वयंसेवकाने दिलेला एक दिवस त्याच्यासाठी मोलाचा होता आणि गावाला त्याने हुरूपही आला. त्या दिवसावर मात्र पाणी साचले नसते. स्पर्धेचे गुण श्रमदानावर अवलंबून होते, म्हणजे गावाचा वाटा ही तिथेही अटच होती, नागापूरच्या तीन-चतुर्थांश कुटुंबांसारखी.

सेवाग्रामच्या अर्धशतकाचा एक हिशेब आता राष्ट्रीय पातळीवर मांडण्याची वेळ आली आहे. २०२२ पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने देशातल्या प्रत्येक एमबीबीएस विद्यार्थ्यासाठी कुटुंब दत्तक कार्यक्रम अभ्यासक्रमात आणला. पहिल्या वर्षापासून प्रत्येकाने गावातली तीन ते पाच कुटुंबे घ्यावी आणि पुढची वर्षे त्यांच्याकडे जात राहावे, अशी ही योजना आहे. जे इथे पन्नास वर्षे चालत आले, ते आता शेकडो महाविद्यालयांना करायचे आहे. यात आनंद आहे, आणि काळजीही आहे. शहराच्या मध्यभागी असलेल्या महाविद्यालयाने साठ किलोमीटरवरचे गाव घेतले तर भेटी बसच्या सोयीवर ठरतील, आणि लवकरच नोंदवहीत घरबसल्या भरल्या जातील. शिक्षक सोबत गेला नाही तर विद्यार्थी रक्तदाब मोजून परत येईल आणि घराशी बोलणार नाही. आणि त्या नियमात गावाने काय द्यायचे याविषयी काहीच नाही. कुटुंब निवडले जाते, मोजले जाते, तपासले जाते. त्याने कशात वाटा घालावा, ग्रामसभेने कोणती अट घालावी, तुकडी गेल्यावर नोंदी कोणाच्या ताब्यात राहाव्या, हे विचारलेले नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी लागणारा अनुभव ज्या थोड्या संस्थांकडे आहे, त्यांत सेवाग्राम अग्रभागी आहे. दत्तक गावांतल्या कुटुंबांच्या जुन्या नोंदी एकत्र करून, कोणत्या गावात तुकडी गेल्यानंतरही काय टिकले आणि कुठे सगळे विरले, याचा अभ्यास संस्थेने हाती घ्यावा, आणि त्या अभ्यासात नागापूरसारख्या गावांतली जवारी मोजून देणारी माणसे, त्यांच्या आताच्या पिढ्यांसह, साक्षीदार म्हणून बसवावीत. नव्या महाविद्यालयांना आयोगाच्या परिपत्रकापेक्षा त्या कागदांचा उपयोग अधिक होईल.